नवशिक्याच्या नावानं कात्री

कोरेगावातल्या एका क्लासची टिपणं परवा हाती आली. विषय जँगो, म्हणजे पायथन वापरून वेबसाइट उभारण्याची तयार चौकट. वर ठळक अक्षरांत ‘अगदी नवशिक्यांसाठी, सोप्या मराठीत’. शिकवणाऱ्या मुलानं आडपडदा न ठेवता सांगितलं की जँगोचा अधिकृत पहिला धडा त्यानं एआयला दिला, ‘सोपं आणि छोटं कर’ म्हणाला आणि जे आलं त्याच्या झेरॉक्स काढल्या. मराठी स्वच्छ होतं. एसटी स्टँडभोवतीच्या फ्लेक्सवर असतं त्यापेक्षा तर पुष्कळच बरं.

मग मूळ धडा शेजारी ठेवून काय काय गळलं ते पाहिलं. मूळ धडा सर्व्हर चालू करायची आज्ञा देतो आणि त्यानंतर काळ्या पडद्यावर जे उमटेल ते जसंच्या तसं छापतो. त्यात एक दरडावणारा इशारा असतो: काही मायग्रेशन्स (डेटाबेसच्या मांडणीतले बदल) अजून लागू केलेली नाहीत, ती करेपर्यंत प्रोजेक्ट नीट चालेलच असं नाही. त्याखाली धडा सांगतो की या इशाऱ्याकडे तूर्त दुर्लक्ष करा, डेटाबेसकडे आपण लवकरच येणार आहोत. टिपणांत पडद्यावरचा मजकूर नाही आणि त्याखालचा दिलासाही नाही. ‘आता फक्त सर्व्हर चालू करा. अभिनंदन!’ एवढंच.

जाणत्याला तो भाग कापण्याजोगाच वाटणार. त्याची नजर त्या इशाऱ्यावर ठरतसुद्धा नाही. पण मायग्रेशन हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा पाहणारी मुलगी तिथंच थबकते. आपल्या हातून काहीतरी बिघडलं असं तिला वाटतं. ती फोल्डर पुसते, सगळं पुन्हा इन्स्टॉल करते, पुन्हा तोच इशारा येतो. आता बिघाड आपल्यातच आहे याची तिला खात्री पटते. त्या अख्ख्या धड्यात खास नवशिक्यासाठी लिहिलेलं एखादं वाक्य असेल तर ते ‘तूर्त दुर्लक्ष करा’ हेच, आणि सोपं करायला सांगितल्यावर पहिल्यांदा तेच गेलं. याचा दोष मी एआयला देणार नाही. त्यानं आपल्यात रूढ असलेली समजूत इमानानं पाळली: नवशिक्याला कमी द्यावं.

या समजुतीला इतिहास आहे. सुरुवातीचा भाग ओळखीचा आहे, तो भरभर संपवतो. १९७१ च्या युनिक्स मॅन्युअलात नवशिक्या नव्हताच. ज्यांनी ती यंत्रणा लिहिली तेच आणि त्यांच्या शेजारच्या खोलीतले लोक ती वाचणार होते. १९७८ साली कर्निगहन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक आलं आणि ‘हॅलो, वर्ल्ड’ जगभर गेलं. त्या दोन शब्दांपाशीच लेखकांनी नोंदवून ठेवलं होतं की पहिला मोठा अडथळा म्हणजे प्रोग्राम कुठं लिहायचा, तो चालवायचा कसा आणि त्याचं उत्तर कुठं उमटलं हे शोधायचं. ते जमलं की बाकीचं त्या मानानं सोपं. जगानं दोन शब्द उचलले; अडथळ्याची नोंद पुस्तकातच राहिली.

खरं वळण त्यानंतरचं आहे आणि माझ्या मते जवळजवळ सगळ्यांनी ते चुकीचं वाचलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्याचे सहकारी एक साधं काम करत होते. कचेऱ्यांत बदली कारकून म्हणून काम करणाऱ्या लोकांना ते वर्ड प्रोसेसरसमोर बसवत. कंपनीनं मेहनतीनं लिहिलेलं पुस्तक त्यांच्या हाती देत आणि गप्प बसून पाहत. माणसं पुस्तक वाचत नव्हती. पहिल्या पानावरून सातव्यावर उडी मारत, मध्येच एखादं बटण दाबून पाहत, दिसलं त्यावरून स्वतःची एक गोष्ट रचत आणि त्या गोष्टीच्या आधारे पुढचं बटण दाबत. एक चूक दुसरीत गुंतायची आणि थोड्याच वेळात पडद्यावर अशी अवस्था यायची जिचा पुस्तकात कुठंही उल्लेख नाही. कारण सगळं बरोबर केलं तर काय होईल, एवढंच पुस्तकाला ठाऊक होतं.

पाठ्यपुस्तकी मनाला यावर एकच उत्तर सुचतं: शिस्त लावा, नीट वाचायला सांगा. कॅरोलनं उलटं केलं. माणूस आधी हात घालणार हे गृहीत धरून त्यानं लेखनाची तऱ्हाच बदलली. त्याच्या गटानं एकेका कामाचं एकेक कार्ड केलं. कार्डावर काय साधायचं आहे ते असे आणि एखादी सूचना असे, तीही मुद्दाम अर्धवट. आणखी दोन गोष्टी असत: वाट बरोबर असेल तर आत्ता समोर काय दिसायला हवं, आणि ते दिसत नसेल तर काय करायचं. पुढं त्यातूनच त्यांचं ‘मिनिमल मॅन्युअल’ निघालं आणि १९९० साली ‘न्यूर्नबर्ग फनेल’ हे पुस्तक. डोक्यात नरसाळं खुपसून ज्ञान ओतता येतं, ही जुनी जर्मन दंतकथा. तिचीच खिल्ली पुस्तकाच्या नावात आहे.

कॅरोलनं कापलं, हे खरंच. प्रस्तावना, प्रत्येक प्रकरणाआधीचं ‘या प्रकरणात आपण काय शिकणार आहोत’, नंतरचं ‘आपण काय शिकलो’, यंत्राच्या थोरवीची पानं, सगळं गेलं. त्याच वेळी त्यानं भरही घातली. चूक ओळखायची कशी, तिच्यातून बाहेर यायचं कसं, याला जुन्या पुस्तकांत कधी मिळाली नव्हती इतकी जागा दिली. पुस्तक पातळ झालं हा त्या उलाढालीचा परिणाम होता. उद्योगजगतानं परिणाम तेवढा पाहिला. कागद वाचतो, छपाई वाचते, अनुवादाचा खर्च वाचतो. कुठल्या व्यवस्थापकाला हे आवडणार नाही? ‘मिनिमल’ म्हणजे पानं कमी, असं रूढ झालं. शेवटी कॅरोल आणि हान्स व्हान डर माय यांना १९९६ साली या पद्धतीविषयीच्या दहा गैरसमजांवर स्वतंत्र लेख लिहावा लागला. मिनिमल म्हणजे आखूड, हा त्यातलाच एक. लेख विद्वानांनी वाचला. कात्री हातात असलेल्यांनी बहुधा वाचला नाही.

हे सगळं अमेरिकेत घडलं म्हणून आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे कुंडलच्या कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’, पाककृतींचं पुस्तक, १९७० साली आली. तिची ख्याती कशावर आहे ते घरोघरी ठाऊक आहे: वाटी-चमच्याचं माप. शेर-छटाक गेले होते, किलो-ग्रॅम आले होते, आणि स्वयंपाकघरात तराजू कुणाकडेच नव्हता. हाताशी वाटी होती. नव्यानं संसार मांडलेल्या, सासू-आई जवळ नसलेल्या मुलीचा हात नेमका कुठं अडतो हे पाहून ते माप आलं. ग्रॅम वाटीपेक्षा अवघड असतात असं थोडंच आहे? पण त्या घडीला तिच्या हातात वाटी होती आणि पुस्तक त्या हातापासून सुरू झालं. ‘रुचिरा’ जाडजूड आहे, आणि जाड आहे म्हणून ती अवघड आहे अशी तक्रार मी तरी कुणाकडून ऐकलेली नाही.

वेबच्या चौकटींच्या जगात मात्र कात्रीचाच मान राहिला. २००५ साली रूबी ऑन रेल्सच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सननं पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवणारा व्हिडिओ केला आणि वेग हेच सोपेपणाचं माप ठरलं. आजच्या ‘पंधरा दिवसांत फुल स्टॅक’ फ्लेक्सचा मूळ पुरुष तोच. त्याच वर्षी कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेलं जँगो सर्वांसाठी खुलं झालं. त्याचे कर्ते बातमीच्या कचेरीत वावरलेले होते आणि वाचकासाठी लिहिणं हे त्यांना पहिल्यापासून कामाचाच भाग वाटलं. पुढं डॅनिएले प्रोसिदानं तांत्रिक दस्तऐवजांची धडा, कृती, संदर्भ आणि विवेचन अशी चार खाती पाडली. मांडणी उपयोगी आहे, पण तिचाही उपयोग लोक कापायलाच करतात: हे विवेचन आहे, धड्यातून काढा. शिकणाऱ्याला आता समोर काय दिसेल हे धड्यानं सतत सांगत राहिलं पाहिजे, हे खुद्द प्रोसिदाचंच म्हणणं, आणि ते वगळून त्याचा हवाला दिला जातो. अपवाद आहेत. २०१४ साली बर्लिनमध्ये दोन ओलांनी, ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का यांनी, सुरू केलेल्या जँगो गर्ल्सचा धडा इंटरनेट म्हणजे काय इथून निघतो आणि काळ्या पडद्याला घाबरू नका म्हणत पुढं जातो. अधिकृत धड्यापेक्षा तो लांब आहे.

आपल्या घरचा अपवाद पवईत आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. त्यांचं कौतुक होतं ते ‘मराठीत आणलं’ म्हणून. मला ते कौतुक अपुरं वाटतं. पडदा त्यांनी इंग्रजीच ठेवला आहे, कारण नोकरीत समोर तोच येणार. मराठी आहे तो कानाला ऐकू येणारा आवाज. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा, उरलेल्या अर्ध्यात स्वतःचं काम, थांबवायचं, करून पाहायचं, पुढं जायचं, अशी त्यांची पद्धत आहे. आणि ध्वनिमुद्रणाआधी संहिता एका खऱ्या नवशिक्याकडून तपासून घेतात. विषय न येणारा माणूस ती वाचत वाचत करून पाहतो आणि जिथं अडेल तिथं खूण करतो. कॅरोल गप्प बसून जे पाहत होता, तेच इथं कामाच्या वाटेवरची एक पायरी झालं आहे. कोरेगावच्या त्या टिपणांत मराठी होतं. ही पायरी नव्हती.

शिकवणाऱ्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याचा सवाल रास्त होता: सगळंच लिहायचं तर पोथी होईल, कोण वाचणार? सगळं लिहायचंच नाही. पहिल्या पानावरचा जँगोचा इतिहास, एमव्हीटीची व्याख्या, या चौकटीत कुठल्या बड्या कंपन्या काम करतात त्याची यादी, हे सारं त्याच्या टिपणांत होतं. मूळ धड्यात नसलेलं हे एआयनं घातलं कारण ते महत्त्वाचं दिसतं. कापायचं असेल तर तिथून कापावं. काय ठेवायचं हे मात्र टेबलाशी बसून ठरत नाही, त्याला पायथन नुकतंच इन्स्टॉल केलेला एक माणूस लागतो. आणि तो फार दिवस टिकत नाही. आठवड्याभरात त्याला मायग्रेशनचा इशारा दिसेनासा होतो, माझ्यासारखाच. पहिल्या दिवशी तो कुठं अडला हे दुसऱ्या महिन्यात त्याला खरंच आठवत नाही. जँगोच्या कामांच्या यादीत सोप्या, नव्या माणसानं हात घालावा अशा कामांना वेगळी खूण करतात, पहिली दुरुस्ती कशी पाठवायची याचा धडाही अधिकृत दस्तऐवजात आहे. पण तिथवर पोचणारा माणूस पोचेपर्यंत नवशिक्या राहिलेला नसतो.

म्हणून शिकवणाऱ्या मुलाला एवढंच सुचवलं, की पुढच्या तुकडीच्या पहिल्या दिवशी फळ्याकडे न जाता मागच्या बाकावर बस आणि पाहा. त्यानं तसं केलं आणि संध्याकाळी फोन केला. मायग्रेशनचा इशारा त्याला अपेक्षित होताच. अडलं भलतीकडेच. सर्व्हर चालू झाल्यावर काळ्या पडद्यावर कर्सर परत येत नाही. यंत्र अडकलं असं समजून निम्म्या मुलांनी खिडकीच बंद केली, सर्व्हर मेला आणि ब्राउझर पान उघडेना. उरलेल्यांनी पडद्यावरचं वाचलं: सर्व्हर थांबवायला कंट्रोल आणि ब्रेक दाबा, असं विंडोजवर जँगो लिहितो. त्यांच्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर ब्रेक नावाचं बटणच नव्हतं. कंट्रोल आणि सी दाबूनही तो थांबतो हे त्या खोलीत एकट्या शिकवणाऱ्याला माहीत होतं, आणि ते आपल्याला माहीत आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. नव्या झेरॉक्सवर त्यानं कंपन्यांची यादी काढून तिथं तीन ओळी टाकल्या आहेत: कर्सर परत येणार नाही, ही खिडकी उघडीच ठेवा, पुढची आज्ञा दुसऱ्या खिडकीत द्या.