सेवार्थी कोण?

समाजकार्याच्या मराठी अभ्यासात साहाय्य घेणाऱ्या व्यक्तीला ‘सेवार्थी’ म्हणतात. ‘विद्यार्थी’च्या धर्तीवर घडलेला हा शब्द सुबक आहे, परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. विद्येची इच्छा धरतो तो विद्यार्थी, तसा सेवेची इच्छा धरतो तो सेवार्थी. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा ही इच्छा त्या व्यक्तीची नसतेच. तिला कोणीतरी आणलेले असते. जो आपण होऊन आला नाही, त्याला साहाय्य करण्याचा अधिकार आपल्याला कोठून प्राप्त होतो?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. बेंगळूरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स, ही तेथील जुने मनोरुग्णालय आणि १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकीकरणातून १९७४ साली उभी राहिली. मानसोपचारातील समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या देशातील प्रमुख केंद्रांत तिची गणना होते. रुग्णासोबत कुटुंबीयांनाही ठेवून घेण्याची पद्धत आपल्याकडे १९५०च्या दशकात अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून सुरू केली. पुढे ती वेल्लोर आणि बेंगळूर येथे रुजली. तिचे मोल मोठे आहे. नातलगांना आजार समजतो, औषधपाण्यात सातत्य राहते आणि रुग्ण कायमचा टाकून दिला जाण्याचा धोका कमी होतो.

परंतु याच व्यवस्थेत एक अवघड क्षण येतो. अशी कल्पना करा, की दूरच्या तालुक्यातून आणलेली एक स्त्री समाजकार्यकर्तीसमोर बसली आहे. प्रश्न तिला विचारला जातो आणि उत्तर देतो तिचा दीर. ती जेवत नाही, तिला झोप नाही, ती घरात लक्ष घालत नाही, हे सारे तो सांगतो. त्यात खोटे काहीच नसेल. तरीही तिचे दुःख काय, हे अद्याप कोणी ऐकलेले नाही. येथे सेवार्थी कोण? ती, की तिच्या आजाराने बेजार झालेले घर?

अशा वेळी तंत्र उपयोगी पडते. घरच्या मंडळींना थोडा वेळ बाहेर बसायला सांगणे, तिच्याच भाषेत बोलू शकणारे माणूस शोधणे, ‘हो’ किंवा ‘नाही’ यांत न मावणारा प्रश्न विचारणे, तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत परत मांडून ‘असेच ना?’ म्हणून पडताळणे, शांततेला न घाबरणे आणि सल्ल्याची घाई न करणे, ही या व्यवसायाची साधी अवजारे होत. फेलिक्स बीस्टेक या जेझुइट धर्मगुरूने १९५७ साली साहाय्यक-संबंधाची सात तत्त्वे मांडली. त्यांत नियंत्रित भावनिक सहभाग आहे आणि सेवार्थीचा स्वयंनिर्णयही आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. शिकून केलेले ऐकणे हे ऐकण्याचे नाटक नव्हे काय? साहित्याच्या अभ्यासकाला हा आक्षेप परिचित आहे. छंद शिकून घेतल्याने कवीची भावना खोटी ठरत नाही. न. चिं. केळकरांची सविकल्प समाधीची कल्पना येथे आठवते: रसिक दुसऱ्याच्या अनुभवाशी तादात्म्य पावतो, पण स्वतःचे भान सोडत नाही. बीस्टेकचा नियंत्रित सहभाग याहून फार वेगळा नाही.

मात्र हे साम्य एका ठिकाणी तुटते. वाचकाच्या समाधीने पात्राच्या आयुष्यात काहीच बदलत नाही. समाजकार्यकर्तीच्या एका टिपणाने मात्र समोरच्या स्त्रीचा मुक्काम, उपचार आणि घरातील तिचे स्थान बदलू शकते. म्हणून केवळ सहृदयता येथे पुरत नाही. उलट, सहृदय माणसालाच ‘हिचे हित मला कळते’ असे वाटण्याचा मोह अधिक. तंत्राचे नैतिक प्रयोजन मला या मोहाच्या संदर्भात दिसते. तंत्र हा साहाय्यकर्त्याने स्वतःच्या हाती असलेल्या सत्तेला घातलेला लगाम आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हा लगाम काही अंशी विधीच्या कक्षेत आणला. आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. आपला प्रतिनिधीही नेमू शकते. तथापि, ठराविक परिस्थितीत संमतीवाचून दाखल करण्याची मुभा हाच कायदा देतो. ती देणे भागही असावे, कारण तीव्र आजारात माणसाची निर्णयशक्तीच कधी झाकोळते. म्हणजे प्रश्न कायद्याने सुटला नाही. त्याला केवळ मर्यादा घातल्या गेल्या.

त्या मर्यादांच्या आत उरते ते माणसांवर सोपवलेले आहे. दीर पुन्हा आत येईल आणि तिला त्याच घरी परतायचे आहे, हे समाजकार्यकर्ती विसरू शकत नाही. कुटुंबाला दूर सारून तिचे भले होणार नाही आणि कुटुंबाच्या तोंडून तिचे दुःख कळणार नाही. तिला नकार देण्याची जागा मिळावी आणि नकारानंतरही दार उघडे राहावे, एवढे मात्र करता येते. जिला ‘नाही’ म्हणता येते, तिच्याच ‘हो’ला अर्थ असतो, आणि तेव्हाच तिला सेवार्थी म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.