तुपाची वाटी

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या गल्लीत ग्लुकोज बिस्किटांचे पुडे फुटतात. फिरायला निघालेले आजोबा, दूधवाला, शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं, प्रत्येकाचा हात कोपऱ्यावरच्या कुत्र्यांकडे वळतो. आमचा काळू घरी जेवून आलेला असतो. तरी या वाटपात त्याचा नंबर पहिला.

कुत्र्याला काही घालणं हे आपल्याकडे नुसतं खायला घालणं नसतंच. कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि ‘देवा, कोरडी खाऊ नका’ म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट आपण बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकतो. त्यामुळे माया किती, तर वाटीत तूप किती, असा हिशेब मनात पक्का बसलेला असतो.

गेल्या वर्षी सत्यनारायणाच्या दिवशी शेजारच्या काकूंनी काळूला द्रोणभर प्रसाद दिला. सव्वाच्या मापाचा शिरा, तूप सुटलेला, वर बेदाणे. काळूने द्रोणही चाटून साफ केला. डॉक्टरबाईंना फोन केला तो खरं तर दुसऱ्याच कामासाठी, लसीची तारीख विचारायला. बोलता बोलता शिऱ्याचा विषय निघाला आणि पलीकडून एकच प्रश्न आला, “बेदाणे किती होते?” द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांवर घाला घालतात. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडेसेच भोवतात, आणि कुणाला किती भोवतील ते आधी सांगता येत नाही. तासाभराच्या आत त्यांनी काळूला उलटी करवली. पुढचे दोन दिवस सलाईन, रक्ताच्या तपासण्या. काकू जिन्यात रडत बसल्या होत्या. “देवाचा प्रसाद हो,” एवढंच म्हणत होत्या. त्यांना काय सांगणार?

काळू बरा झाला. पण त्या निमित्ताने डॉक्टरबाईंनी त्याच्या बरगड्या चाचपल्या. मग माझीच मूठ वळायला लावली. बोटांची टोकदार हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या तर कुत्रा हडकुळा. उलट्या पंजावरून हात फिरवल्यावर लागतं तसं लागलं तर बेताचा. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर जाड. काळू तळहात निघाला.

अमेरिकेत लॅब्राडॉरच्या 48 पिल्लांवर एक अभ्यास झाला होता. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. एकाला नेहमीसारखं, दुसऱ्याला त्याच्या पाऊणपट. 2002 साली निष्कर्ष छापून आला: कमी जेवलेले मध्यमानाने 13 वर्षं जगले, पोटभर जेवलेले 11.2. गंमत म्हणजे हा अभ्यास कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपनीनेच केला होता.

दुकानदाराचं मात्र वेगळंच चाललेलं असतं. “कुत्रा म्हणजे लांडगाच साहेब, धान्य नको,” म्हणत तो महागातलं पाकीट पुढे सरकवतो. कुत्रा लांडगा राहिला नाही, ही गोष्ट त्याच्या रक्तातच लिहिलेली आहे. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी बसून त्याने भाकरी पचवायला शिकून घेतलं. म्हणून नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू वाढवावं असं नाही, हाडांना लागणारं कॅल्शियम त्यात बेताचंच. आणि मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधाने हगवण लागते. पण भाकरी म्हणजे विष, हेही खरं नाही. विष कांदा-लसणात आहे. गोचीड पळतात म्हणून लसूण चारणारे लोक मी पाहिलेत. लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आणखी एक, तापाचं. कुत्र्याच्या अंगाला हात लावला की गरमच लागतं, कारण 101 ते 102.5 फॅरनहाइट ही त्याची ठणठणीत तब्येत. आपण आपल्या हाताने त्याचा ताप मोजतो आणि आपल्याच डब्यातली गोळी चपातीत गुंडाळून देतो. तीच गोळी यकृताला महाग पडू शकते. थर्मामीटर गुदद्वारात लावावा लागतो. पहिल्यांदा काळूला नाही, मलाच लाज वाटली.

यंदाही काकूंकडे पूजा झाली. आरतीच्या आधीच त्यांनी काळूचं भांडं मागून घेतलं आणि त्यात उकडलेल्या लाल भोपळ्याच्या चार फोडी घातल्या. मीठ नाही, फोडणी नाही. काळू खात होता आणि काकू पदराने हात पुसत उभ्या होत्या.

“कोरडंच दिलंय हो,” त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांची नजर देवापुढच्या तुपाच्या वाटीकडे गेली.