तू आमच्याकडचा की त्यांच्याकडचा?

(यहोशवा ५ : १३, १४)



यरीहो नगराला वेढा पडण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. यहोशवा नगराजवळ आला असता त्याच्या समोर एक पुरुष उभा राहिलेला त्याला दिसला. त्याच्या हाती उपसलेली तरवार होती. सेनापतीने अशा वेळी जे विचारावे तेच यहोशवाने विचारिले, की हा आपल्या पक्षाचा आहे की शत्रूच्या. उत्तर मिळाले ते ह्या दोहोंपैकी एकही नव्हते. तो परमेश्वराच्या सैन्याचा सरदार म्हणून आला होता. आमचे उपदेशक बंधू येथून बहुधा घाईने पुढे जातात व यहोशवाने पायांतील जोडे काढिले त्या वचनावर उपदेश करितात. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच केले. आज मात्र त्या प्रश्नापाशीच थोडे थांबावे असे आमच्या मनात आहे, कारण हा प्रश्न आम्हांस यरीहोपेक्षा परभणी जिल्ह्यातच अधिक ऐकू येतो.

लग्नाच्या मांडवात आपण पाहुण्यास विचारितो, "तुम्ही कुणाकडचे? मुलाकडचे की मुलीकडचे?" त्यात वाईट काही नाही, कोणाला कोणत्या पंक्तीस बसवावे हे कळावे म्हणून ते विचारावे लागते. निवडणूक आली म्हणजे हाच प्रश्न पारावर, बाजारात व एसटीच्या थांब्यावर विचारिला जातो, आणि पंक्ती लावून मोकळे होण्याची तीच घाई तेथेही असते. उत्तर मिळाले की विचारणारा पुढे ऐकत नाही. "हा निळा", "तो भगवा", "हा पंजाचा", इतके कळले की त्याचे काम झाले. त्या मनुष्याने तसे मत का धरिले, त्याच्या रानाला पाणी मिळाले की नाही, त्याच्या बापाचे काय झाले, हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही.

आता कोणी म्हणेल की ख्रिस्ती मनुष्याने ह्या भानगडीत पडूच नये. आम्ही कोणाचेच नाही, आम्ही केवळ ख्रिस्ताचे. हे बोलणे ऐकावयास गोड आहे. पण करिंथ येथील मंडळीस पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय उघडून पाहा. तेथे कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. आणि चौथे लोक आम्ही ख्रिस्ताचे असे म्हणत. पौलाने ह्या चौथ्यांसही तटांच्याच यादीत घातले आहे! आमचा अनुभवही तोच आहे. मजुरी किती द्यावी, विहिरीवर कोणी भरावे, गायरान कोणी कसावे, असे प्रश्न गावात उठले असता जो मनुष्य "मी कोणाकडचाच नाही" असे म्हणून घरात बसतो, तो बहुतकरून वाड्याकडचाच असतो. फक्त त्याने तसे मोठ्याने सांगितलेले नसते.

शिवाय प्रभूने आपले शिष्य निवडिले तेव्हा त्यांची राजकीय नावे पुसून टाकिली नाहीत. बारा प्रेषितांच्या यादीत मत्तय जकातदार आहे आणि शिमोन जिलोत आहे. जकातदार हा रोमी सत्तेच्या वतीने पैसा वसूल करणारा, आणि जिलोत हे नाव त्या सत्तेस उलथून टाकू पाहणाऱ्यांचे. एकाच वाटेने, एकाच ताटाभोवती हे दोघे तीन वर्षे राहिले. रात्री ते दोघे कैसराच्या कराविषयी काय बोलत असतील ह्याचा आम्ही अनेकदा विचार केला आहे. शुभवर्तमानांत ते लिहिलेले नाही. पण दोघांची नावे मात्र त्या जुन्या ओळखीसकट लिहून ठेविली आहेत.

आता आपल्याच जिल्ह्याकडे वळू. परभणी हा निजामाच्या राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांपैकी एक होता. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर त्या वेळी ह्याच जिल्ह्यात होते. दुसऱ्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस काढण्याचे ठरले, तो तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सरकारने तिजवर बंदी घातली. भांडण पुष्कळसे नावावरून होते. 'काँग्रेस' हे नावच दरबारास सलत होते. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच सुमारास आर्य समाजाने व हिंदू महासभेनेही आपापले सत्याग्रह आरंभिले. एक धर्मपालनाची मोकळीक मागत होता, एक हिंदूंचे हक्क मागत होता, आणि एक सर्व धर्मांच्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धती मागत होता. तिन्ही प्रकारचे लोक त्याच रस्त्याने त्याच तुरुंगात जात, आणि पाहणाऱ्यास ते सारे एकच दिसत. दरबारास तर तसेच भासवावयाचे होते. म्हणून डिसेंबरात, गांधीजींच्या सल्ल्याने, स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबविला. चालता लढा केवळ आपली ओळख दुसऱ्यांच्या ओळखीत मिसळू नये एवढ्यासाठी थांबवावयाचा! कित्येकांस ते त्या वेळी रुचले नाही. आम्हांस मात्र त्यात मोठा प्रामाणिकपणा दिसतो. आपण काय मागतो आणि काय मागत नाही, हे लोकांस नीट कळावे एवढ्यासाठी त्यांनी आपले नुकसान सोसले.

ह्या प्रश्नावर जीव जाऊ लागले ते पुढे, १९४७ व १९४८ साली. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील होता. त्या दिवसांत गावात शिरणारी टोळी मनुष्याचे नाव विचारी, आणि नावावरून त्याचे मत ठरवी. पण नावावरून मत ठरत नव्हते. 'इमरोज' ह्या उर्दू पत्राचा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे तो लिहीत असे, आणि त्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्याचा खून झाला. दलित समाजातही एक मत नव्हते. बी. एस. वेंकटराव व श्यामसुंदर हे पुढारी निजामाच्या बाजूस उभे राहिले, वेंकटराव तर मंत्रीही झाले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून हैदराबादच्या अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये असे बजाविले. ज्या वेंकटरावांस आज लोक एका शब्दात निकालात काढितात, त्यांना काँग्रेसच्या राज्यात सवर्णांचे राज्य येईल ही भीती होती. ती भीती निराधार होती असे म्हणावयास आमची जीभ धजत नाही, जरी त्यांनी धरिलेला मार्ग आम्हांस चुकीचा वाटतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य आत आले आणि १७ तारखेस निजाम शरण आला. हा दिवस आपण मुक्तिदिन म्हणून पाळितो, व तो पाळावा. पण त्यानंतरच्या आठवड्यांत तोच प्रश्न उलट दिशेने विचारिला गेला, आणि रझाकारांशी काहीही संबंध नसलेले हजारो मुसलमान मारिले गेले. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने सरकारास तसे कळविले. संपूर्ण राज्यात निदान २७ ते ४० हजार माणसे मेली असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. आमच्या वडील पिढीतील बंधू ह्याविषयी बोलताना आवाज खाली घेत, हे आम्हांस आठवते.

मग निवडणुका आल्या, आणि तरवारीची जागा चिठ्ठीने घेतली; ह्यासाठी आम्ही देवाचे उपकार मानितो. १९५२ साली परभणीतून लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले. ह्या पक्षाने १९५० साली दाभाडी येथे मार्क्सवाद स्वीकारिला होता. तर मग परभणीचा शेतकरी मार्क्सवादी झाला होता काय? दाभाडीचा प्रबंध त्याने वाचिला नव्हता. त्याला कुळकायदा, कापसाचा भाव व सावकार ह्यांविषयी बोलणारा कोणी हवा होता. १९७७ साली पुन्हा त्याच पक्षाचे शेषराव देशमुख निवडून आले, आणि १९९१ साली ह्याच मतदारसंघाने शिवसेनेचा उमेदवार पाठविला. लाल बावटा लाविलेल्या घरांवर भगवा लागला. घरे तीच होती. जो मनुष्य म्हणतो की अमुक गाव अमुक विचाराचे, त्याने त्या गावातील म्हाताऱ्यांस एकदा विचारून पाहावे.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. 'डावे' व 'उजवे' हे शब्द १७८९ सालच्या फ्रान्सच्या सभेतून आले. राजाची सत्ता राखू पाहणारे अध्यक्षाच्या उजव्या हातास बसत व ती कमी करू पाहणारे डाव्या हातास. आमच्या एका उपदेशक बंधूने मात्र मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाचा आधार घेऊन असा उपदेश केला, की मेंढरे उजवीकडे व शेरडे डावीकडे, यास्तव डाव्या पक्षांचे लोक नरकास जाणार! मंडळीतील एका मजूर बाईने उपासनेनंतर त्यांस विचारिले, "मास्तर, मग भुकेल्याला जेवू घातलं का, हे कोणी विचारायचं?" त्या अध्यायात न्यायाची कसोटी तीच आहे. आणि निनवेत एक लक्ष वीस हजारांहून अधिक माणसे अशी होती की त्यांस उजवा हात व डावा हात ओळखता येत नव्हता. त्यांच्यावर देवाने दया केली, असे योनाच्या पुस्तकाच्या शेवटी आहे.

सर्वांत अवघड गोष्ट १९७८ सालची आहे. २७ जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातील खेड्यांत दलितांची घरे जळू लागली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे ह्यांस ठार मारण्यात आले. आपल्या जिल्ह्यातील वस्त्यांनीही ते दिवस भोगिले. जाळपोळ करणाऱ्यांविषयी दोन मते असू शकत नाहीत. पण ठरावास विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ व अनंत भालेराव हेही होते. निजामाशी लढलेली, आयुष्यभर समतेचे नाव घेतलेली ही माणसे होती. मराठवाडा ह्या नावासाठी आपण लढलो, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांना त्या नावाच्या प्रदेशात विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांच्या कानी ते म्हणणे कसे पडले असेल ह्याचा त्यांनी पुरता विचार केला नाही असे आम्हांस वाटते. पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी दोन्ही नावे एकत्र ठेवून नामविस्तार झाला. मध्ये सोळा वर्षे गेली.

आणि हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २०२३ साली शेजारच्या जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथून मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, तेव्हापासून मराठा की ओबीसी ह्या एका प्रश्नात सारे राजकारण मावू लागले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारिला गेला, दगडफेक व जाळपोळ झाली, पुष्कळांस अटक झाली. आणि १५ तारखेस त्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असता मरण पावला. ती बातमी आली तेव्हा आम्ही एका गावात पारावर बसलो होतो. पहिला प्रश्न आला तो असा : "कोण समाजाचा होता?" कोणाचा मुलगा होता, हे दुसऱ्या एका म्हाताऱ्याने विचारिले, पण पुष्कळ वेळाने.

आमच्या लोकांस ह्या प्रश्नाची धार अधिक लागते. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलितास अनुसूचित जातींच्या यादीत जागा नाही. १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस ती मिळाली. म्हणून कित्येकांचे नाव मंडळीच्या वहीत एक व तहसिलीच्या दाखल्यावर दुसरे असते. त्यांचा न्याय करावयास आम्ही बसलो नाही. पण जो स्वतः दोन नावांनी जगतो, त्याने तरी दुसऱ्यास एका नावाने मोजू नये.

उपदेशक बंधूंस एक सांगणे आहे. निवडणुकीच्या आधी उमेदवार उपासनामंदिरात येतो, पहिल्या रांगेत बसतो, छपरासाठी पत्रे देऊ करितो, आणि मग "दोन शब्द" बोलावयास उठतो. पत्रे नाकारावी. छप्पर गळते हे आम्हांस ठाऊक आहे, आमचेही गळते. पण त्या पत्र्यांखाली दुसऱ्या पक्षाचा बंधू पुन्हा बसत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

एका मंडळीत गेल्या निवडणुकीनंतर दोन सख्खे भाऊ प्रभुभोजनास एकत्र येईनात. थोरला एका झेंड्याकडे, धाकटा दुसऱ्या. पाळकाने दोघांस घरी बोलाविले व समजूत न घालता एवढेच सांगितले, की प्रत्येकाने दुसऱ्याचे म्हणणे अशा रीतीने मांडावे की तो "होय, हेच माझे म्हणणे" असे म्हणेल. थोरला म्हणाला, "सोपं आहे. ह्याला पैसे मिळाले." धाकटा म्हणाला, "नाही, दादा." थोरल्याने पुन्हा सांगितले, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी त्याला विचारणे भाग पडले, "मग तूच सांग." तेव्हा कळले की धाकट्याच्या मुलाची नोकरभरती दोन वेळा रद्द झाली होती, आणि घरात हे कोणी थोरल्यास सांगितलेच नव्हते. मग धाकट्याची पाळी आली. त्यालाही तितकाच वेळ लागला. दिव्याचे तेल संपत आले तेव्हा ते उठले. मते दोघांचीही होती तीच राहिली. त्या रविवारी धाकटा आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, आणि थोरल्याने सतरंजीवर सरकून त्याला जागा करून दिली.