खोट्या मापाचा कप

आपल्या घरातल्या मुलांनी फुटबॉल खेळावा का, हा प्रश्न पूर्वी चेंडूच्या कातड्यापाशीच अडायचा. १९८६ च्या वर्ल्ड कपला पूर्ण कृत्रिम चेंडू आला आणि आता शाळांतूनही बहुतेक तसलेच असतात. (आजेसासूबाई असत्या तर तरीही शिवल्या नसत्या, ते सोडा.)

मला टोचतं ते वेगळंच. खासगी शाळांचे सामने, वयोगट चौदाखालचा, आणि मैदानात मिसरूड फुटलेला पोर. चांगला खेळतो म्हणून फी माफ करून आणलेला, दाखल्यात वय दोन वर्षांनी कमी. १९६० पासून चाललेल्या सुब्रतो कपमध्येसुद्धा खेळाडूंच्या वयाची वैद्यकीय तपासणी करावी लागते, यातच सगळं आलं.

अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ आहे. देताना कमी माप, घेताना जास्त. भाजी घेणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. वय हेही मापच की! ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरीचा माल घेणं. तो कप शाळेच्या कपाटात येतो, आपण टाळ्या वाजवतो. करणं, करवणं आणि अनुमोदन, आपल्याकडे तिन्हींचा दोष लागतो.

बाकावर बसून राहिलेल्या खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची जागा गेली, हे उघडच आहे. पण त्या मोठ्या मुलाचं काय? दाखला काही त्यानं केला नाही. गुडघा दुखावला की फीमाफी संपते, आणि अभ्यासाला तर त्याला कुणी बसवलंच नव्हतं. पालकसभेत आपण बसचं विचारतो, डब्याचं विचारतो. त्याचं कुणी विचारत नाही.