पाहुणचार कोणाच्या खाती?

मे महिना उजाडला की पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीच्या घराघरांत मुंबईची माणसं दिसू लागतात. 2013 साली उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि वाणगावला उतरून रिक्षानं गाव गाठणं सोपं झालं. पूर्वी यायचे ते बहुधा नातेवाईक. आता ऑफिसातले, कॉलेजातले मित्रही येतात. समुद्र, सुरूची बनं, ताडगोळे, ताजी मासळी असं सगळं मनसोक्त उपभोगून परतताना ‘तिकडची माणसं फार अगत्यशील’ अशी पावती देऊन जातात. ही पावतीच मला खटकते. अगत्य हा किनाऱ्यावरच्या माणसाचा उपजत गुण ठरवला की ते करायला कुणाचे काही कष्ट पडत नाहीत, असं आपोआप गृहीत धरलं जातं. पाहुणचार हे काम आहे, त्याला खर्च येतो, आणि मित्राकडे जाणाऱ्यानं त्यातला आपला वाटा उचलायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

शहरातल्या माणसाचा हा सुट्टीचा महिना किनाऱ्यावरच्या घराला मात्र सर्वांत धावपळीचा असतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, पाठोपाठ पाऊस. त्यामुळे बेगमीची सगळी कामं मेमध्येच येऊन पडतात: मासळी सुकवणं, मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला करून घेणं, पापड, लोणची, घराची शाकारणी. विहिरींचं पाणी खाली गेलेलं असतं ते याच दिवसांत. अशा घरात पाच माणसं वाढली तर ती कुणाच्या अंगावर वाढतात? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष 97. ही सरासरी देशभरची आणि वर्षभरची आहे, त्यात पाहुण्यांचा वेगळा हिशेब नाही. पण पाहुणे आले म्हणून ही तफावत कमी होत असेल, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पुरुष पाहुण्याबरोबर किनाऱ्यावर जातो आणि त्याचं नाव होतं. बाई तिसऱ्यांदा चहाचं आधण ठेवते.

गंमत अशी, की पाहुणचार फुकट होत नाही याचा लेखी पुरावा चिंचणीतच सापडला आहे. इथं मिळालेल्या ताम्रपटांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा. संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या परिसराचा, कारभार तेव्हा मधुमती ऊर्फ मुहम्मद या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. त्यानं दोन प्रवाहांवर विनामूल्य तरीची सोय केली आणि एक अन्नसत्र घातलं, तिथं भात, कालवण आणि तूप फुकट मिळे, असं हा लेख सांगतो. जेवणाऱ्याला फुकट, घालणाऱ्याला नव्हे. त्याच ताम्रपटात एका मठिकेच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि नऊ जणांच्या भोजनासाठी उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. नऊ पानं कुठून वाढली जाणार, हे त्या काळच्या माणसांनी आधी ठरवलं आणि तांब्यावर कोरून ठेवलं. त्यामुळे त्यांचं औदार्य मला कमी वाटत नाही.

यावर म्हणतील, की सत्ताधाऱ्याचं दान वेगळं आणि मैत्री वेगळी. मैत्रीत हिशेब शिरला की माया आटते. आक्षेप वजनदार आहे. पण खेड्यातल्या मायेत हिशेब कधी नव्हता? पाहुणा रिकाम्या हातानं येत नसे आणि यजमान त्याला वानोळा दिल्यावाचून पाठवत नसे. जुना पाहुणा आमराईत उतरे, मळ्यात खपे. आत्या आली की पापडाचा पाट पुढे ओढून घेई. देवाणघेवाणीची ती रीत सुटली आणि फक्त ‘अतिथी देवो भव’ उरलं, तेही सोयीपुरतं. देव म्हटलं की त्याला ताट उचलायला सांगता येत नाही! पाहुण्यांमुळे गावात पैसा येतो, हा दुसरा युक्तिवाद इथं लागूच पडत नाही. न्याहारी-निवासाच्या खोलीचा दर पाटीवर लिहिलेला असतो, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला तो ठाऊक असतो. मित्राच्या घरी पाटी नसते, म्हणून तिथं जबाबदारी जास्त.

याच जिल्ह्यातल्या अर्नाळ्याच्या बेटावर पूल नाही. तिथं गॅसचा सिलिंडर, भाजी, पाहुण्याची बॅग, सगळं होडीतून उतरतं. पाहुण्याचा भार तिथं निदान डोळ्यांना दिसतो. चिंचणीत तो डांबरी रस्त्यानं येतो आणि स्वयंपाकघरात नाहीसा होतो. यजमान तो बोलून दाखवणार नाही. ‘कधी येऊ?’ म्हटलं तर ‘कधीही या, घर तुमचंच आहे’ हे उत्तर ठरलेलं. तेव्हा तारीख पक्की करण्याआधी घरातल्या बाईला फोन करून ‘मसाला झाला का, पाणी किती दिवसांनी येतं’ एवढं विचारावं, आणि मसाला व्हायचा असेल तर त्याच दिवशी मिरच्यांची देठं काढायला जाऊन बसावं.