सातवा ककार

‘आमच्या शाळेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ शाळेशाळेच्या अहवालांत हे वाक्य ठरलेले असते. मग प्रमुख पाहुण्यांचे शाल-श्रीफळ देऊन स्वागत करण्यात येते, ते आपले मौलिक विचार मांडतात, मान्यवरांच्या हस्ते रोपे लावण्यात येतात आणि आभारप्रदर्शनाने सांगता होते. रोपे कसली होती, किती होती, खड्डे कोणी खणले, यातले काहीच कळत नाही. मौलिक विचार कोणते, तेही नाही. अहवालाला गुण मात्र पुरेपूर मिळतात.

दहावीच्या मराठीत बातमीलेखन आहे, बारावीच्या युवकभारतीत अहवाललेखन. दोन्हीकडे वस्तुनिष्ठता हवी असे आपण मुलांना बजावतो आणि मग न पाहिलेल्या समारंभाची बातमी करायला सांगतो. परीक्षेच्या दालनात खरा समारंभ घडवून आणता येणार नाही, हे मान्य. परीक्षा साचा तपासते, तपासू दे. पण वर्गातही आपण साचाच शिकवतो. त्यातून मुलाला एक गोष्ट फार लवकर उमजते: कार्यक्रमाला हजर नसले तरी वृत्तान्त लिहिता येतो. हजर असले तर उलट अडचणच. डोळ्यांनी पाहिलेले साच्यात बसत नाही.

साच्याचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. ‘रोपे लावण्यात आली’ या वाक्यात काम आहे, करणारा नाही. आदल्या दिवशी कुदळ घेऊन कडक जमिनीशी झगडलेली नववीची मुले या ‘ण्यात आली’च्या पोटात गडप होतात. आणि जिथे माणूस दिसतो तिथे ‘हस्ते’ हा शब्द येतो. ज्यांच्या हातांना माती लागली नाही, त्यांच्यासाठीच तो राखून ठेवलेला असावा.

खरे तर साक्षीदाराला लागणारी सगळी हत्यारे मराठीने मुलांना घरातच दिलेली असतात. ‘पाऊस पडला.’ ‘पाऊस पडला म्हणे.’ ‘पाऊस पडलेला दिसतोय.’ ‘पाऊस पडला असावा.’ चार वाक्ये, पाऊस एकच. पण पहिला पाहिलेला, दुसरा कोणाकडून ऐकलेला, तिसरा ओल्या अंगणावरून ओळखलेला आणि चौथा नुसता अंदाजाचा. डब्यातला लाडू कोणी खाल्ला यावरून घरात भांडण जुंपले की बालवाडीतले पोरही ‘म्हणे’ला दाद देत नाही, ‘तू पाहिलंस का?’ असे थेट विचारते. तेच मूल शाळेत लिहायला बसले की ‘म्हणे’ आणि ‘असावा’ घरी ठेवून येते. बोलीतले हे शब्द लेखनात शोभत नाहीत, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते.

ही खोड आजची नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती आणि प्रस्तावनेत बखरींची झाडाझडती. घटना घडत असताना धाडलेले पत्र आणि मागाहून, ऐकीव गोष्टींवरून, बहुधा कोणा थोराच्या सांगण्यावरून लिहिलेली बखर यांची किंमत एक नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. शाळेचा अहवाल बखरीच्या कुळातला. फरक इतकाच की बखरीत निदान भाषेचा तोरा असे. अहवालात तोही नाही.

मग शिकवायचे कसे? बातमी शिकवताना आपण कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे सहा ककार पाठ करून घेतो. त्यांत सातव्याची भर घालावी: कशावरून? कार्यक्रमाआधी चार मुलांना वह्या देऊन चार ठिकाणी उभे करावे. एक व्यासपीठाजवळ, एक शेवटच्या रांगेत, एक फाटकापाशी, एक खिचडी शिजते तिथे. दुसऱ्या दिवशी वह्या वर्गात वाचाव्यात. समजा, एकीने लिहिले, पन्नास रोपे लावली. दुसऱ्याने लिहिले, अडतीस. खरा तास इथून सुरू होतो. कशावरून? पन्नासाचा आकडा पाहुण्यांच्या भाषणातला निघतो, अडतीसाचा खड्डे मोजून आलेला. दोघांपैकी कोणाचेही खोडायचे कारण नाही. ‘पन्नास रोपे लावल्याचे पाहुण्यांनी सांगितले, आम्ही मोजली तेव्हा अडतीस भरली.’ एवढ्या एका वाक्यात मूल जे शिकते, ते वस्तुनिष्ठतेची व्याख्या दहादा घोकून येत नाही.

शिक्षकांची धास्ती मी समजू शकतो. अहवाल वर जातो, संस्थेचे नाव असते. पाहुणे उशिरा आले, माईक बंद पडला, हे कसे लिहायचे? पण चहाडी आणि नोंद यांतली रेषा मुलांना कळायची असेल, तर ती अशाच प्रसंगांतून. ‘पाहुण्यांना मुलांची काही पर्वा नव्हती’ हे मत झाले. दुसऱ्याच्या मनातले आपल्याला काय ठाऊक? ‘कार्यक्रम दहाचा होता, पाहुणे अकरा वीसला आले, तोवर आम्ही मैदानात उभे होतो’ ही नोंद. ती सौम्य आहे, कोणाचा अपमान करत नाही आणि खोडून काढता येत नाही. पुढे ग्रामसभेत रस्त्याविषयी किंवा सोसायटीच्या बैठकीत पाण्याविषयी बोलायला उठणाऱ्या माणसाला याहून वेगळी कोणती भाषा लागते?

आणि अहवाल आभारप्रदर्शनापाशी संपवू नये. पुढच्या जूनमध्ये त्याच मुलांना वह्या घेऊन त्याच खड्ड्यांपाशी पाठवावे. किती रोपे तगली, कुठली वाळली, कुठल्या खड्ड्यात आता काहीच नाही, ते मोजून लिहायचे. रिकाम्या खड्ड्यापुढे कोणी ‘शेळीने खाल्ले’ असे लिहिले, तर रागवायचे नाही. एवढेच विचारायचे: खाताना पाहिलंस, की खाल्ले म्हणे?