बावखल आणि जलाशय

वसईजवळील निर्मळ गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही गेलों असतां त्यांच्या सात वर्षांच्या नातवानें आम्हांस धडा वाचून दाखविला. उच्चार स्वच्छ, वेग चांगला; कोठें अडखळणें नाहीं. आम्हीं शाबासकी दिली आणि सहज विचारलें, “जलाशय म्हणजे काय रे, बाळ ?” मुलगा गप्प झाला. तेव्हां आंतून आजी घरच्या सामवेदी बोलींत म्हणाली कीं, आपलें बावखलच कीं तें ! मग मात्र त्याच्या बोलण्यास खळ राहिला नाहीं : वाडीला पाणी कोठून जाई, बेडूक कधीं ओरडतात, शेजारचें बावखल कोणीं बुजविलें, सारें त्यानें सांगितलें.

आतां प्रश्न असा कीं, आजी बोलण्यापूर्वीं त्या मुलानें धडा वाचला होता काय ?

आपली लिपि बोलावें तशी लिहिली जाते, असा आपला अभिमान आहे. परंतु त्याच्या गांवाचेंच नांव घ्या. ‘निर्मळ’ या शब्दांत वेलांटी ‘न’च्या आधीं दिसते, पण उच्चारावी लागते मागाहून, रफार ‘म’च्या डोक्यावर बसतो, पण ऐकूं येतो त्याच्या आधीं. एका लहानशा शब्दांत डोळ्याची दोनदां फसवणूक ! तरीहि येथील मूल तो शब्द झटकन वाचतें, कारण तो त्यानें जन्मापासून ऐकलेला असतो. ओळखीचा शब्द अक्षरांना हात देतो. म्हणून बाराखडीची घोकंपट्टी अजिबात नको म्हणणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं. अक्षर न ओळखणारें मूल चित्र पाहून अंदाज बांधतें, आणि चित्रें संपलीं कीं थांबतें. पण अक्षरज्ञानाखालीं भाषेची जमीन हवी. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडास अनुताई वाघांसह जें काम केलें, त्यांत ही जाण होती. पानें, बिया, शिंपले हींच तेथें शिक्षणाचीं साधनें झालीं. गुरांमागें जाणाऱ्या मुलांसाठीं शाळाच कुरणांत गेली.

आजोबांचें म्हणणें वेगळें होतें. “घरची बोली चालूं दिली तर याचें मराठी बिघडेल.” ही काळजी खोटी नव्हे, परीक्षा प्रमाण भाषेंतच व्हावयाची. परंतु घरची बोली अशुद्ध ठरविली म्हणजे मूल आजीची लाज धरावयास शिकतें. त्याहून आम्हांस भय वाटतें तें दुसऱ्या गोष्टीचें. पुस्तकांतील शब्दांना अर्थ असण्याची गरज नाहीं, नुसते खणखणीत म्हटले कीं वडील माणसें संतुष्ट होतात, असें तें समजून चुकतें. न समजतां समजल्याचें सोंग तें आपल्याकडूनच शिकतें; आमची शाबासकीहि प्रश्नाच्या आधींच दिली गेली होती.

आम्ही निघालों तेव्हां मुलानें ‘जलाशय’ या शब्दावर पेन्सिलीनें ‘बावखल’ लिहून ठेविलें होतें. पुस्तक खराब केलें म्हणून आजोबा किंचित् नाराज दिसले.